परंड्याची चुडीवाली

लग्न होऊन परंड्याला आले तेव्हा माझ्या पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या घडीत एक वही होती. माहेर बार्शीचं. बार्शी इंग्रजी हद्दीत, परंडा मोगलाईत. बैलगाडीनं दिवसभराची वाट आणि मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. नाक्यावरच्या शिपायानं पेटी उघडायला लावली, वही काढली, उलटी धरून दोन पानं बघितली आणि परत ठेवून दिली. त्याला मराठी येत नव्हतं. मला मात्र वाटलं की माझ्या कविता निजामाच्या राज्यात पसंत पडल्या.

मी तेव्हा सातवी पास झाले होते आणि मला अठरावं सरत आलं होतं. आमच्या कासार समाजात एवढी शिकलेली आणि एवढी मोठी होईपर्यंत घरात ठेवलेली मुलगी दुसरी नव्हती. या दोन्ही गोष्टींचा मला अभिमान होता. वहीत बावीस कविता होत्या. सागर, चंद्रिका, कमळ, कोकिळा, पुन्हा सागर. शाळेतल्या बाईंनी त्यांतली एक वर्गात वाचून दाखवली होती, तेव्हापासून मी स्वतःला कवयित्री समजत होते.

सासरचं घर किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर. पुढं बांगड्यांचं दुकान, मागं दोन खोल्या. दुकान सासरे आणि आमचे मालक बघायचे. सासूबाई मात्र दुकानात बसायच्या नाहीत. दोन्ही खांद्यांवर बांगड्यांच्या माळा, डोक्यावर टोपली, अशा त्या आठवड्यातले चार दिवस आसपासच्या गावांतून फिरायच्या. उंच, काळ्या, सडपातळ. हाताचे पंजे पुरुषासारखे मोठे. त्यांना अक्षर एक येत नव्हतं. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे.

महिना झाला असेल. दुपारी स्वयंपाक उरकून मी वही घेऊन बसले होते. आत्याबाई समोर बसून मापाप्रमाणं बांगड्या निवडत होत्या. काय लिहितेस म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, कविता. त्या म्हणाल्या, वाच की मग. मी सागरावरची लांबलचक कविता वाचली. त्यांचे हात चालूच होते, पण ऐकत होत्या हे दिसत होतं.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. "समुंदर लई मोठा आसतो का गं?"

"असतो म्हणतात."

"म्हंजे तू बघितला न्हाईस."

मी नाही म्हटलं. त्या पुन्हा बांगड्या निवडायला लागल्या. पण मला ते फार लागलं. ज्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नाही तिनं माझ्या कवितेला असं विचारावं? मी वही पेटीत टाकली आणि आठ दिवस तिला हात लावला नाही.

त्यानंतर एका सकाळी त्यांनी माळा काढल्या आणि मला म्हणाल्या की आजपासून तू माझ्याबरोबर चल. कासाराची सून आहेस, हात भरायला शिकलं पाहिजे. मी एक टोपली घेतली आणि त्यांच्या मागं निघाले.

पहिलं गाव दोन कोसांवर होतं. वेशीजवळच्या लिंबाखाली आम्ही बसलो आणि बायका जमल्या. काचेची बांगडी हातात चढवणं हे दिसतं तेवढं सोपं नाही. हाताचा सगळ्यात रुंद भाग असतो अंगठ्याच्या बुडाशी. तो दाबून, अंगठा तळव्यात दुमडून, बांगडी तिथून पलीकडं न्यायची. घाई केली तर काच टिचते, आणि मग बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. हळूहळू केलं तर बाईला जास्त वेळ दुखतं. शेतात राबणाऱ्या बायकांचे हात इतके कडक की बांगडी तिथं येऊन थांबतेच.

अशीच एक बाई रानातून थेट आली होती. हात लाकडासारखा. आत्याबाईंनी तेलाचं बोट लावलं, तिचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दाबत दाबत, आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या,

"हात न्हाय बाई हा, हे नांगरलेलं रान,
तासातासात उगवतं घरादाराचं धान."

ती बाई आपल्या तळव्यावरच्या, नांगराच्या तासांसारख्या भेगांकडं बघायला लागली. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते. तेवढ्यात चार बांगड्या चढल्या. तिला कळलंसुद्धा नाही. मग रीत म्हणून तिनं वाकून आत्याबाईंना नमस्कार केला आणि रानात परत गेली.

मी तिथंच टोपली धरून बसले होते. वर्गात बाईंनी शिकवलेलं सगळं मला आठवत होतं, उपमा म्हणजे काय, रूपक म्हणजे काय. आणि ही बाई तेलाच्या बोटानं ते करून मोकळी झाली होती.

वाटेत मी त्यांना विचारलं, ही ओवी तुम्हाला कुणी शिकवली. त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. शिकवायचं काय त्यात? काच चढताना बाईला दुखतं, ध्यान दुसरीकडं गेलं की हात सैल पडतो, म्हणून बोलायचं. आणि नुसतं बोलण्यापेक्षा असं ठेक्यात बोललं की बाई ऐकते. त्यांच्या सासूबाईसुद्धा बोलायच्या म्हणे, पण त्या सगळ्यांना एकच गाणं म्हणायच्या. आत्याबाईंना ते पटलं नाही.

"प्रत्येकीचा हात येगळा," त्या म्हणाल्या. "मंग बोलणं एकच कसं चालंल?"

त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर जायला लागले आणि रोज संध्याकाळी, चूल पेटवण्याआधी, त्यांनी म्हटलेलं वहीत उतरवायला लागले. माझ्या बावीस कवितांच्या पुढच्या कोऱ्या पानांवर. कापूस वेचून बोटांची टोकं फाटलेल्या मुलीला त्या काय म्हणाल्या. शेणाच्या गोवऱ्या थापता थापता उठून आलेल्या आणि हात पदराआड लपवणाऱ्या सुनेला काय म्हणाल्या. मनगटावर तव्याचा ताजा डाग असलेल्या बाईला डागाचं नाव न घेता त्यांनी कसं बोलतं केलं. अणदूरकडची माहेरवाशीण आली तर तिच्याशी दोन शब्द कानडीत बोलायच्या, मुसलमानांच्या घरी दखनी उर्दूत. भाषा कुठलीही असो, हात धरल्यावर त्यांना जे दिसायचं ते त्या सांगायच्या.

मला वाटलं, युक्ती कळली. मग मी घरी बसून हातांवर चार-पाच कविता केल्या. नांगर, रान, तास, सगळं त्यात होतं. आत्याबाईंना वाचून दाखवल्या. त्यांनी शांतपणे ऐकल्या आणि म्हणाल्या की हात बघायचं काम माझं आहे, तू तुझं बघ. तुझ्यासमोर दिवसभर काय असतं?

माझ्यासमोर दिवसभर काय असायचं? परंड्याला पाण्याची टंचाई. उन्हाळ्यात मी पहाटेपासून आडावर नंबर लावून उभी असायची. घागरीच्या तळाशी कालचं जरा पाणी उरलेलं असायचं, त्यात माझं तोंड दिसायचं आणि घागर हलवली की मोडायचं. हे मी तीन महिने बघत होते आणि तरी लिहीत होते सागरावर. त्या आठवड्यात मी घागरीवर आठ ओळी लिहिल्या. लिहिताना माझी मान खाली होती, लाजेनं आणि आनंदानं. त्या ओळी ऐकून आत्याबाई चुलीकडं वळल्या. पण संध्याकाळी शेजारणीला सांगत होत्या, "आमची सून कविता करती. खरी."

त्या वर्षी ईदच्या आधी आम्ही तहसीलदारांच्या घरी गेलो. तहसीलदार हैद्राबादचे. त्यांची बीबी पडद्यात राहायची. गावातल्या फार थोड्या बायका तिला भेटल्या होत्या, पण चुडीवालीला सगळी दारं उघडी असतात. गोरी, नाजूक बाई. आत्याबाई दर वर्षी तिचे हात भरायच्या, त्यामुळं माप त्यांना ठाऊक होतं; मऊ हातात बांगड्या आपोआप जायच्या, आजवर बोलायची वेळच आली नव्हती. त्यांनी नेहमीच्या मापाची लाल बांगडी चढवली आणि ती सहज गेली, मनगटावर फिरायला लागली. आत्याबाई थांबल्या. माप बदलायला दुसरी माळ काढली नाही. हात तसाच धरून म्हणाल्या,

"परसाल की चूडी आज हात पो फिरती,
माँ के घर की गल्ली क्या आँखां में तिरती?"

गेल्या सालची बांगडी हातात सैल झाली, आईच्या घरची गल्ली डोळ्यांपुढं तरंगतेय का, एवढंच. बीबीनं ओढणी तोंडाला लावली. मग तिनं पाणी मागवलं, आम्हाला सरबत दिलं, आणि आत्याबाईंना पुन्हा तेच म्हणायला लावलं. तिच्या माहेरी सगळे शेरोशायरीचे शौकीन होते. परंड्यात येऊन चार वर्षं झाली, या चार वर्षांत असं कुणी तिच्याशी बोललं नाही, असं ती म्हणाली.

निघताना तिनं सांगितलं की मार्गशीर्षात तिची नणंद हैद्राबादहून येणार आहे, ती स्वतः गझला लिहिते. त्या वेळी दुपारी बायकांची मैफल भरवायची आहे. "तुम बी आना. बहू को बी लाना."

घरी येईपर्यंत आत्याबाईंचं एकच चाललं होतं. मी काय शायर आहे का, तिथं मोठमोठ्या घरच्या बायका येणार, मी तिथं बांगड्या घेऊन बसू का नुसतीच बसू. सासरे म्हणाले जाऊ नका. आमच्या मालकांनी मात्र माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले की जाऊ द्या, दोघी आहेत की. त्यांचं शिक्षण सगळं उर्दूत झालेलं. मुशायरा म्हणजे काय, दाद कशी देतात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मी ते आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी फक्त एक विचारलं: त्यात आपल्याला काय करायचं असतं?

मैफलीच्या दिवशी मी लग्नातलं जरीकाठी लुगडं नेसले आणि वही बरोबर घेतली. आत्याबाई रोजच्याच लुगड्यात. खांद्यावर माळा नव्हत्या म्हणून त्यांना चालताना चुकल्यासारखं होत होतं. दोनदा त्यांचा हात उगाच खांद्याकडं गेला.

दिवाणखान्यात पांढरी चादर अंथरली होती, मध्ये पानाचा डबा. मुन्सफांच्या म्हणजे न्यायाधीशांच्या घरच्या, अमीनांच्या म्हणजे फौजदारांच्या घरच्या, डॉक्टरांच्या घरच्या, अशा दहाबारा बायका. आम्ही दाराजवळ बसलो, तर बीबीनं उठून आम्हाला पुढं नेलं. एका बाजूला पांढऱ्या कपड्यांतली एक बाई बसली होती, पस्तिशीची, जाड भिवयांची. हीच ती नणंद. तिनं सुरुवात केली. मला तिचे सगळे शब्द कळले नाहीत, पण तिचा आवाज कळला. मग आणखी दोघींनी वाचलं. मग मला सांगितलं. मी घागरीची कविता म्हटली. मुन्सफांच्या बायकोला मराठी येत होतं, तिनं एकेक ओळ इतरांना समजावली. सगळ्या वाह वाह म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

मग बीबी आत्याबाईंना म्हणाली, आता तुम्ही. सगळ्या वाट बघत होत्या. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "हात के बगैर मेरेकू नै आता, बीबीसाब."

कुणीतरी हसलं. तेवढ्यात त्या पांढऱ्या कपड्यांतल्या बाईनं आपला हात पुढं केला. आत्याबाईंनी तो सवयीनं दोन्ही हातांत घेतला. आणि मग खोलीतला आवाज बंद झाला. कारण त्या हातात एकही बांगडी नव्हती. बाई विधवा होती.

आमच्या धंद्यात विधवेचा हात धरत नाहीत. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण माझ्या आईपासून सासूपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटलं, आता आत्याबाई हात सोडतील, आणि सोडला तर त्या बाईचा किती अपमान होईल. आणि नाही सोडला तर आपल्या माणसांत काय म्हणतील. त्यांनी सोडला नाही. नेहमीसारखी अंगठ्याच्या बुडाशी बोटं दाबली, मग एकेक बोट चाचपलं. मधल्या बोटावर लेखणीनं पडलेला घट्टा होता, आणि नखाजवळ सकाळची निळी शाई. आत्याबाईंनी तिथंच बोट ठेवलं.

"खाली हात नै है ये, नको बोलो खाली,
उंगली पो सियाही की चूडी इने डाली."

हा हात रिकामा नाही, रिकामा म्हणू नका. हिनं बोटात शाईची बांगडी घातलीय.

माझ्या कवितेला मिळाली तशी वाह वाह नाही झाली. मग ती बाई खालच्या आवाजात म्हणाली, "मुकर्रर." आत्याबाईंनी घाबरून माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटलं, काहीतरी चुकलं. मी सांगितलं, पुन्हा म्हणा म्हणतायत. त्यांनी पुन्हा म्हटलं. मग तिसऱ्यांदाही म्हणावं लागलं, आणि तिसऱ्या वेळी सगळ्या बायकांनी दुसरी ओळ त्यांच्याबरोबर उचलली.

त्या बाईनं हात काढून घेतला नव्हता. तिनं विचारलं, हे तुम्ही कुठून आणता?

"लाती नै, बीबी," आत्याबाई म्हणाल्या. "हात में था. मैं बस देखी."

खरं सांगायचं तर त्या घटकेला मला थोडा मत्सर वाटला. सातवी पास मी, वही माझ्या मांडीवर, आणि सगळ्या खोलीचं लक्ष माझ्या निरक्षर सासूकडं. पण तो मत्सर दिवाणखान्यातून बाहेर पडेपर्यंतसुद्धा टिकला नाही. रस्त्यानं त्या पुढं आणि मी मागं चालत होते, आणि मला येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटत होतं की ही माझी सासू आहे.

त्या मात्र वेगळ्याच विचारात होत्या. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "म्या त्या बाईचा हात धरला."

"व्हय, आत्याबाई."

"धरल्यावर कसा सोडायचा?"

मी पुढं होऊन दार उघडलं.

चार दिवसांत बातमी पसरली. संक्रांत तोंडावर आलेली, म्हणजे आमच्या धंद्याचा हंगाम. शेजारच्या गावच्या पाटलांच्या वाड्यावर आत्याबाईंच्या सासूच्या वेळेपासून आमच्याच घरच्या बांगड्या भरल्या जायच्या. आम्ही गेलो तर पाटलीणबाईंनी बसायला घोंगडी दिली, चहा दिला, पण हात काही पुढं केला नाही. मग म्हणाल्या की ऐकलं ते खरं का. आत्याबाई म्हणाल्या, खरं.

पाटलीणबाई वाईट नव्हत्या. त्यांनी समजुतीनं विचारलं, "तुम्हांला कुणी सांगितलं न्हवतं का, कुणाचा हात धरू ने ते?"

"सांगितलं हुतं," आत्याबाई म्हणाल्या. "पर त्या येळेला ध्यानात न्हाय ऱ्हायलं. आन् न्हाय ऱ्हायलं तेच बरं झालं, असं मला वाटतंय."

त्यांच्या आवाजात ना माफी होती ना भांडण. कपबशी विसळून त्यांनी उंबऱ्याजवळ पालथी ठेवली, माळा खांद्यावर घेतल्या आणि आम्ही निघालो. त्या संक्रांतीला पाटलांच्या घरी भूमच्या बाजारातून दुसऱ्या कासाराकडून बांगड्या आल्या. आणखी दोनतीन घरांनी तसंच केलं. आत्याबाई त्या घरांवरून जाताना थांबत नव्हत्या आणि वेगही वाढवत नव्हत्या. माझ्या मनात राग होता. त्यांनी तो काढून टाकायला सांगितलं. म्हणाल्या, त्यांना भीती वाटली, भ्यालेल्या माणसावर काय रागवायचं.

होळीच्या सुमारास टपालानं हैद्राबादहून एक उर्दू मासिक आलं. आमच्या मालकांनी दुकानात उभ्याउभ्या चाळलं आणि एकदम मागं घरात आले, गिऱ्हाईक तसंच सोडून. त्या बाईची गझल छापली होती, आणि गझलेच्या वर, वेगळ्या चौकटीत, आत्याबाईंच्या दोन ओळी. खाली लिहिलं होतं, परंड्याची एक चुडीवाली. मालकांनी मोठ्यानं वाचलं. सासऱ्यांनी पुन्हा वाचायला लावलं. तेच सासरे, जाऊ नका म्हणणारे. त्यांनी मासिक हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि धोतराच्या सोग्यानं उगाच पुसलं.

मला मात्र राग आला. नाव का नाही घातलं? मी म्हणाले की आत्ताच पत्र लिहिते, नाव कळवते, पुढच्या अंकात छापायला सांगते. आत्याबाईंनी मालकांना विचारलं की चुडीवाली हा शब्द कुठं आहे, दाखव. त्यांनी दाखवला. आत्याबाईंनी त्याच्यावर बोट ठेवलं.

"नाव घातलं आसतं तर हैद्राबादेत कुणाला कळलं आसतं?" त्या म्हणाल्या. "आन् परंड्याची चुडीवाली म्हणल्यावर हितं सगळ्यांला कळलं. ऱ्हाऊ दे."

सगळ्यांना कळलंच. शाळेतले उर्दूचे मास्तर मुद्दाम दुकानात येऊन दोन ओळी वाचून गेले. तहसीलदारांनी आमच्या मालकांना रस्त्यात थांबवून विचारलं की त्या तुमच्या वालिदा, म्हणजे आई, का.

वैशाखात पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. मुलगी धाकटी, चौदाची, फार हळवी. चुडा भरायला भूमचा तो कासार बोलावला तर पहिलीच बांगडी मुलीच्या हातात वाढवली, रक्त आलं, आणि मुलगी आत जाऊन दार लावून बसली. नवरीचा चुडा वाढवणं चांगलं नाही म्हणतात. पाटलांचा गडी घोडा घेऊन परंड्याला आला. आत्याबाई घोड्यावर कसल्या बसतात! आम्ही चालतच गेलो, ऊन उतरायच्या आत पोचलो.

अंगणात वीसपंचवीस बायका. मासिकाची गोष्ट त्यांच्या कानावर गेलेली होतीच. एकीनं म्हटलं की तो छापलेला शेर म्हणा की. दुसऱ्याही म्हणा म्हणा करायला लागल्या. मला वाटलं, म्हणाव्यात. मला त्या घरात, त्या अंगणात ते ऐकायचं होतं.

"त्यो त्या बाईच्या हाताचा हाय," आत्याबाई म्हणाल्या. "ही लेक बसलीय हितं. हिचं बघू द्या."

मुलीनं मूठ घट्ट आवळली होती. त्यांनी ती उघडायला लावली नाही. आवळलेली मूठच आपल्या तळव्यात धरली आणि वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या,

"मूठ सैल सोड लेकी, सोड मनातला राग,
काचंला बी येती गं मायेनं उलीशी जाग."

मुलीनं त्यांच्याकडं बघितलं. मूठ सुटली. हिरव्या बांगड्या एकामागून एक चढल्या, एकही वाढवली नाही. बायका बघत होत्या. शेवटची बांगडी चढल्यावर मुलीनं वाकून नमस्कार केला, आणि मग पाटलीणबाई येऊन समोर बसल्या. त्यांनी बाह्या सारल्या आणि आपला हात पुढं केला. माफी वगैरे काही मागितली नाही. आत्याबाईंनीही काही विचारलं नाही. तेल लावलं आणि दाबायला लागल्या. त्या वेळी काय म्हणाल्या ते मी इथं लिहीत नाही. ते पाटलीणबाईंचं आहे आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

पुढं निजामाचं राज्य गेलं. तहसीलदार बदलून गेले, बीबी जाताना आत्याबाईंच्या गळ्यात पडून रडली. गावात मराठी शाळा झाली. माझ्या कविता बार्शीच्या एका छापखान्यात छापून झाल्या, चाळीस पानांचं पुस्तक. त्यात सागर एकही नाही. घागर आहे, आड आहे, दुकानातला आरसा आहे, सासऱ्यांचं धोतर वाळत घालणं आहे, आणि शेवटच्या बारा पानांत आत्याबाईंच्या ओळी, मी ऐकल्या तशा, कुणाच्या हाताबद्दल आहेत ते सांगून. तेव्हा मी नाव घालणार होते. त्यांनी पुन्हा नको म्हटलं.

पुस्तकं आली त्या दिवशी त्यांनी दोन प्रती मागून घेतल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि बांगड्यांच्या टोपलीत ठेवल्या. आठ दिवस त्या गावोगाव हिंडत होत्या. मी बरोबर नव्हते, माझा मोठा मुलगा तेव्हा तान्हा होता. नंतर मला बायकांकडून कळलं की बांगड्या भरून झाल्या की त्या फडकं सोडायच्या, पुस्तक बाहेर काढायच्या आणि म्हणायच्या, हे माझ्या सुनेनं लिहिलंय. कुणी वाचा म्हटलं तर सांगायच्या, मला येत न्हाय, पर त्यात तू हायस.

आठ दिवसांनी एकच प्रत परत आली. तिच्या कव्हरावर तेलाची आणि हळदीची बोटं उमटली होती. दुसरी पाटलीणबाईंनी ठेवून घेतली. त्यांनाही वाचता येत नव्हतं, पण ठेवून घेतली.